लूना दीड वर्ष चालवली, त्याबद्दल सगळं

आधीच सांगून टाकतो म्हणजे कुणाचा वेळ जायला नको. रोज पुण्यात हडपसरहून हिंजवडीला जायचं असेल तर जुनी लूना, म्हणजे ती पॅडलवाली मोपेड, घेऊ नका, मोठ्या रस्त्यावर मागचे लोक हॉर्न मारून मारून जीव नकोसा करतील. पण पेठेत राहत असाल किंवा तालुक्याच्या गावात असाल, रोजचं जाणं-येणं सात-आठ किलोमीटरचं असेल, मंडई, दूध, बँक, पोस्ट असली कामं असतील आणि महिन्यातून एकदा अर्धा तास हात काळे करायची तयारी असेल, तर हिच्याइतका आनंद देणारी गाडी मी चालवलेली नाहीये, आणि बुलेटपासून ॲक्टिव्हापर्यंत बऱ्याच चालवून झाल्यात.

माझी लूना म्हणजे खरं तर आत्याची लूना. आत्या नर्स होती, श्रीरामपूरकडे, वाड्या-वस्त्यांवर लसीकरणाला जायची. ८६ साली सोसायटीचं कर्ज काढून तिने ही घेतली, साधी, पॅडलवाली. मागच्या कॅरिअरला लशींचा डबा ट्यूबच्या पट्टीने बांधलेला, हँडलला रजिस्टरची पिशवी, आणि अंगावर ती पांढरी साडी. उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यांवरून तिने पंचवीसेक वर्षं ही गाडी चालवली, रिटायर झाल्यावर पण बाजाराला नेत होती, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी पडवीत गेली ती गेलीच. अकरा वर्षं, वर रिकाम्या पोत्यांची थप्पी. मी मागितली तेव्हा म्हणाली, "ने, पण भंगारात घालू नको, आणि पेट्रोलमधे ऑइल टाकायला विसरू नको." बास, एवढंच.

टेम्पोत घालून पुण्याला आणली. आमच्याकडे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांनी आयुष्यभर मोपेडच खोलल्यात, त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिलाच प्रश्न, "किती वर्षं उभी?" म्हटलं अकरा. त्यांनी काही न बोलता स्पार्क प्लग काढला, त्या भोकातून थोडं डिझेल ओतलं आणि म्हणाले उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यांनी माझ्यासमोर पॅडलवर पाय ठेवून हळूच दाब दिला, आधी काहीच नाही, दगडावर पाय ठेवल्यासारखं, मग परत दाब, आणि मग कुर्रर्र असा आवाज आला आणि पॅडल खाली गेलं. जाम झालेला पिस्टन मोकळा झाला. मला काय झालं माहीत नाही पण घशात आवंढा आला, लगेच आत्याला फोन लावला.

नंतरचं काम म्हणजे टाकीत पेट्रोल आणि बारीक खडी घालून हलवून हलवून गंज काढला, कार्बोरेटर सोडून जेट साफ केला, पॉइंट घासला, कंडेन्सर नवीन, दोन्ही टायर-ट्यूब नवीन, सगळ्या केबली नवीन, बेल्ट नवीन. पिस्टनच्या रिंगा मी घाईघाईत ऑनलाइन मागवल्या त्या डुप्लिकेट निघाल्या, विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, मिस्त्रींनी त्या बोटात धरून दाखवल्या, जरा ताणल्या तर कडकन तुटली एक. मग नाना पेठेत जुन्या स्टॉकचा माल ठेवणाऱ्या एका दुकानात बरोबर रिंगा मिळाल्या, ऑनलाइनपेक्षा स्वस्त. तेव्हा ज्यांना लूना उभी करायचीये त्यांना पहिला सल्ला हा की पार्ट हातात घेऊन बघूनच घ्या. सगळा खर्च मिळून साधारण १४ हजार गेला, रंगाचं काम सोडून. रंग मी केलाच नाही, आत्याचा डबा घासून घासून कॅरिअरचा रंग जिथे उडालाय तो मला तसाच ठेवायचा होता.

आता चालवायला कशी आहे ते. स्टँडवर लावायची, पेट्रोल कॉक उघडायचा, थंड असेल तर चोक, आणि पॅडल मारायचं सायकलसारखं. मागचं चाक गरगर फिरायला लागतं, दोन-तीन वेळा फुस् फुस् करतं, आणि मग एकदम टर्रर्रर्र. त्या क्षणी निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा तो वास येतो, ज्यांचं लहानपण ८० च्या दशकात गेलंय त्यांना मी तो वेगळा सांगायला नको. मग अर्धा मिनिट तशीच गरम होऊ द्यायची, स्टँडवरून उतरवायची आणि रेस दिली की निघाली. गिअर नाही, क्लच दाबायचा नाही, क्लच आपोआप पकडतो. चढ आला की पायांनी मदत करायची, हे नवीन लोकांना विचित्र वाटतं पण खरं सांगतो दोन दिवसांत सवय होते आणि मग ती मदत करणं आवडायला लागतं, गाडी आणि आपण दोघं मिळून चढ चढतोय असं वाटतं.

५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजन इतकं कमी की पंक्चर झाली तर एकट्याने उचलून फुटपाथवर ठेवता येते. बॅटरीच नाहीये, लाइट मॅग्नेटवर, म्हणजे रेस दिली की उजेड वाढतो आणि सिग्नलला थांबलं की मंद होतो, त्यामुळे अंधार पडल्यावर मी ती बाहेर काढत नाही, तुम्हीही काढू नका. ब्रेक ड्रमचे, केबलवाले, पस्तीसच्या स्पीडला पुरेसे आहेत आणि पस्तीसच्या वर मी जात नाही. पेट्रोल किती लागतं म्हणाल तर मला पन्नासच्या पुढे ॲव्हरेज मिळतंय, आणि कार्बोरेटर नीट सेट असेल तर याहून जास्त मिळतं असं मिस्त्री म्हणतात.

ऑइलचं नीट समजून घ्या. लूनाच्या टू-स्ट्रोकमधे इंजिनला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमधे मिसळलेलं ऑइलच पिस्टनला लागतं. मी लिटरला ४० मिली टाकतो. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लगवर काजळी धरते आणि सायलेन्सर कार्बनने बुजतो. पूर्वी पेट्रोल पंपावर टू-टी ऑइलचं एक छोटं मशीन असायचं, दांडा ओढला की मापात ऑइल पडायचं, आता ते मशीन दिसत नाही म्हणून मी एक खोकल्याच्या औषधाचं माप बाटलीला रबर लावून अडकवलंय. सीटखाली प्लग पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असतो. प्लग काढायचा, काजळी पुसायची, परत लावायचा, तीन मिनिटं. हे ज्याला कटकट वाटेल त्याने खरंच घेऊ नये, आणि ज्याला आवडेल त्याला दुसरी गाडी परत तितकी आवडणार नाही.

आता ही गाडी आली कुठून ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय ही अशी का बनवली ते कळत नाही. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली. कंपनी नगरच्या फिरोदियांची, म्हणजे तेच घराणं ज्यांचं बजाज टेम्पोत नाव होतं. हस्तीमल फिरोदियांनी कंपनी काढली आणि लूना ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली ते त्यांचे चिरंजीव अरुण फिरोदिया, आयआयटी मुंबई आणि मग अमेरिकेत एमआयटी करून आलेले, पुढे २०१२ ला पद्मश्री मिळाली. मूळ डिझाइन इटलीच्या पियाजिओच्या च्याओ या मोपेडचं, लायसन घेऊन इथे बनवलेलं. दौंड रोडला नगरची फॅक्टरी. म्हणजे आमच्या आत्याची गाडी जवळजवळ शेजारच्याच तालुक्यात तयार झालेली.

तो काळ आठवा, किंवा घरच्या मोठ्यांना विचारा. बजाजच्या चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं, मुलीच्या लग्नात द्यायची म्हणून लोक आधीच नोंदवून ठेवायचे. मोटारसायकल म्हणजे राजदूत, जावा, बुलेट, पेट्रोल पिणाऱ्या आणि महाग. आणि दुसरीकडे सायकल. मधे काहीच नाही. सुरुवातीला लूनाची किंमत दोन हजाराच्या आसपास होती असं सांगतात. तिचं गिऱ्हाईक म्हणजे सायकलवरून उतरलेला माणूस, शाळामास्तर, नर्स, तलाठी, एलआयसी एजंट, दूधवाला, आणि बायका, हे महत्त्वाचंय, बायका. साडी नेसून चालवता येणारी गाडी होती ही. मधे टाकी नाही, पाय सरळ आत ठेवता येतो, उंची कमी, वजन कमी. आत्या म्हणते की पहिल्यांदा लूनावरून वस्तीवर गेली तेव्हा बाया पोरं घेऊन रस्त्यापर्यंत आल्या होत्या, लस टोचायला नाही, गाडी बघायला. त्याआधी ती सायकलने जायची आणि सायकल चालवणारी बाई म्हणून लोक बोलायचे पण, लूनावर बसल्यावर बोलणं बंद झालं आणि "नर्सबाई आल्या" म्हणायला लागले.

आणि कायदा पण असा की ५० सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते. त्यामुळे पुण्यात अकरावी-बारावीच्या क्लासबाहेर लूनांची जी रांग लागायची ती मी स्वतः पाहिलीये, एक स्टँडवरून पडली की सगळ्या ओळीने आडव्या.

८० च्या दशकात ती जाहिरात आली, पीयूष पांडेंची, चल मेरी लूना. आजही कुणी बंद पडलेलं काही सुरू करताना हे म्हणतो आणि म्हणणाऱ्याने लूना पाहिलेली पण नसते. कंपनी सांगते की भरात असताना दिवसाला २ हजार लूना विकल्या जायच्या. मोपेडला लूनाच म्हणायचे लोक, दुसऱ्या कंपनीची असली तरी. सुपर, टीएफआर, डबल प्लस, मॅग्नम अशी नावं येत गेली.

मग एवढी चालणारी गाडी बंद का पडली? यावर मी बराच विचार केलाय आणि माझं मत मी सांगतो, पटलं तर बघा.

लोक म्हणतात हिरो होंडाने मारलं. खरंय अर्धं. १९८५ ला त्यांची सीडी १०० मोटारसायकल आली, फोर-स्ट्रोक, ऑइल मिसळायची भानगड नाही आणि लिटरला ऐंशीची भाषा. मोपेडचा मोठा फायदा म्हणजे पेट्रोल कमी, तोच गेला. ज्या मास्तरांनी ७५ ला लूना घेतली त्यांच्या मुलाने सीडी १०० घेतली. मुलींसाठी ९० च्या दशकात स्कूटी आली, बटण दाबलं की चालू. धुराचे नियम १९९१, १९९६, २००० असे टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि टू-स्ट्रोकला ते जड जायला लागले. हे सगळं खरं.

पण हे सगळं टीव्हीएसला पण लागू होतं ना? त्यांची टीव्हीएस ५० १९८० ला आली, दोघांना बसायला जागा असलेली मोपेड. त्यांच्यासमोर पण तीच हिरो होंडा, तेच धुराचे नियम. आणि टीव्हीएसची मोपेड आज पण नवीन विकत मिळते! ही मोपेड म्हणजे एक्सएल, ती हळूहळू बदलत गेली, २०१५ ला तिला फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं, आणि आज कुठल्याही आठवडी बाजारात जा, कोंबड्यांच्या पाट्या, दुधाच्या किटल्या, गॅसची टाकी, सगळं एक्सएलवर. म्हणजे सायकलवरून उतरणारा माणूस संपला नव्हता. तो होता तिथेच होता.

कायनेटिकचं लक्ष दुसरीकडे गेलं असं मला वाटतं, आणि त्याला कारण पण तसंच होतं. १९८४ ला होंडाबरोबर भागीदारी झाली आणि कायनेटिक होंडा आली, बटण स्टार्ट, गिअर नाही, त्या काळाच्या मानाने कितीतरी पुढची स्कूटर, पीथमपूरला फॅक्टरी. ज्यांनी चालवलीये ते अजून तिचं नाव काढतात, माझ्या मामाची होती, मलाही ती फार आवडायची. मग पैसा, माणसं, जाहिराती सगळं साहजिकच तिकडे. १९९८ ला होंडा बाहेर पडली आणि पुढे स्वतःची ॲक्टिव्हा घेऊन आली. आता स्कूटरच्या मैदानात समोर होंडाच, आणि मोपेडच्या मैदानात टीव्हीएसने हातपाय पसरलेले. त्यानंतर कायनेटिकने कोरियाच्या ह्योसंगच्या कॉमेट आणि ॲक्विला या मोटारसायकली आणल्या, इटलीच्या इटालजेटची डिझाइन्स घेऊन ब्लेझ आणली, १६५ सीसीची स्कूटर, दिसायला काय देखणी होती! पण विचार करा, आमच्या आत्यासारख्या माणसाला ब्लेझचं काय करायचंय? तिला पुढची लूनाच हवी होती, जरा मजबूत, जरा कमी धुराची, बटण असलेली. ती आलीच नाही. २००० नंतर लूना शोरूममधून दिसेनाशी झाली आणि २००८ ला महिंद्राने ११० कोटीत कायनेटिकच्या दुचाकी धंद्याचा ८० टक्के हिस्सा घेतला. बातमी वाचली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला वाईट वाटलं होतं, आपल्या घरातलं काहीतरी विकलं गेल्यासारखं.

आता ई-लूनाबद्दल, कारण बरेच जण विचारतात. फेब्रुवारी २०२४ ला कायनेटिक ग्रीनने ती आणली, अरुण फिरोदियांच्या कन्या सुलज्जा फिरोदिया मोटवानींची कंपनी, नितीन गडकरींच्या हस्ते. तेव्हा किंमत ६९,९९० पासून होती, २ किलोवॅट अवरची बॅटरी, एका चार्जिंगला ११० किलोमीटर जाते असा कंपनीचा दावा, स्पीड ५०, आणि १५० किलो वजन नेते. मी शोरूममधे जाऊन चालवून बघितली. मला बरी वाटली, नाही, बरीपेक्षा चांगली वाटली. मोठी १६ इंचाची चाकं ठेवलीयेत, मागची सीट काढून माल ठेवता येतो, पुढे पायाजवळ पोतं बसतं. म्हणजे कुणीतरी परत एकदा त्या दूधवाल्याचा, त्या भाजीवालीचा विचार केलाय हे गाडीकडे बघून कळतं आणि त्याबद्दल मला फार बरं वाटलं. पॅडल नाही आणि टर्रर्र आवाज नाही, तो कुठून येणार. हेच वीस वर्षं आधी कुठल्याही इंजिनवर झालं असतं तर, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

धंद्यासाठी घ्यायची असेल तर ई-लूना किंवा एक्सएल बघा, जुनी लूना नको. जुनी घ्यायची ती आवडीसाठी किंवा घरातली असेल तर. घेताना इंजिन जाम आहे का ते पॅडल दाबून बघा, चेसिसला सीटखाली आणि सायलेन्सरच्या क्लॅम्पपाशी गंज बघा, तिथे भोक असेल तर सोडून द्या. आणि कागदपत्रं! पंधरा वर्षांनी आरसी रिन्यू करायला लागते, नंतर दर पाच वर्षांनी, ग्रीन टॅक्स पण भरायला लागतो. आरसी नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका, रस्त्यावर काढता येणार नाही. माझी आरसी आत्याने प्लास्टिकच्या पिशवीत, देवघराच्या फळीवर, गुंडाळून ठेवलेली होती, सोबत पहिल्या सर्व्हिसिंगची पावती पण.

मागच्या दिवाळीत आत्या आली होती. जिने उतरायला तिला त्रास होतो, पण हळूहळू उतरली, खाली येऊन गाडीच्या सीटवरून हात फिरवला, टाकीचं झाकण उघडून वास घेतला (ऑइल टाकलंय का ते बघितलं, विचारलं नाही), मग म्हणाली चालू कर. चालू केली. ती कान देऊन ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "कार्बोरेटरला हवा जास्त होतेय." मी मिस्त्रींकडे नेली, त्यांनी स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि गाडी खरंच सुधारली.

एक काम होतं, म्हणून शेवटी लिहितो. माझ्या गाडीला मूळचा "लूना" लिहिलेला बिल्ला नाहीये, एका बाजूचा कधीतरी पडलाय, दुसरा अर्धा तुटलाय. नगर, संगमनेर, बारामतीकडच्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत असा माल अजून पडून असतो असं मिस्त्री सांगतात. कुणाला दिसला तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. नवीन बनवलेला नको, त्या काळातलाच हवाय, जरा रंग उडालेला असला तरी चालेल.